अठराला एक

भिवंडीत काल्हेर, पूर्णा, राहनाळ, मानकोली असा गोदामांचा पट्टा पसरला आहे. जिथे गोदामं तिथे ट्रक आणि ट्रकमागोमाग गॅरेजं. इथे ‘कॉम्प्रेशन गेलं’ हे शब्द रोज कानावर पडतात. पण कॉम्प्रेशन रेशो आणि सिलिंडरमधला दाब यांची गल्लत मालक सर्रास करतात, आणि ती त्यांना महागात पडते.

पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमध्ये असलेली जागा पिस्टन माथ्यावर गेल्यावर अठराव्या हिश्शावर आली, तर रेशो झाला 18:1. हे नुसतं माप आहे. ते कारखान्यात ठरतं आणि लाखो किलोमीटर धावूनही फारसं बदलत नाही. दाब मात्र रोज नव्याने तयार व्हावा लागतो.

मग 18:1 म्हणजे 18 बार का? नाही. दाबली जाणारी हवा तापते आणि तापल्यामुळे दाब आणखी चढतो. उष्णता अजिबात निसटली नाही तर हिशेबाने तो 57 बारच्या आसपास जाईल. याच तापलेल्या हवेत डिझेल ठिणगीविना पेटतं. रुडॉल्फ डिझेलचं 1897 चं इंजिन याच तत्त्वावर चाललं.

आता नोझल काढून तिथे गेज लावा, डिझेल बंद ठेवा आणि सेल्फ मारा. धडधाकट इंजिनातही काटा साधारण 25 ते 30 बारलाच थांबतो. इंजिन हळू फिरतं, त्यामुळे उष्णता थंड भिंतींत मुरते आणि रिंगांतून हवा निसटते. शिवाय इनटेक व्हॉल्व पिस्टन वर निघाल्यावर थोडा उशिराच मिटतो.

ठिकाणाची उंचीही हिशेबात धरावी लागते. भिवंडी समुद्रसपाटीजवळ आहे. कसारा घाट चढून सुमारे 600 मीटरवरच्या इगतपुरीत हवेचा दाब जवळपास सात टक्क्यांनी उतरतो. रेशो तोच, तरी काटा तितकाच खाली.

म्हणून जाणता मिस्त्री एका आकड्यावर इंजिन उघडत नाही. तो सगळे सिलिंडर मोजतो आणि त्यांच्यातला फरक बघतो. एखादा बराच मागे पडला तर त्यात अगदी थोडं ऑइल सोडून पुन्हा सेल्फ मारतो. जास्त ओतलं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. काटा चढला तर रिंगा-लाइनर झिजलेत. हललाच नाही, तर संशय व्हॉल्व किंवा हेड गॅस्केटवर.