कार क्लबची वेबसाईट नव्याने बनवताय? रंग नंतर निवडा, आधी माहिती लावा!

पाऊस सुरू झाला की मुंबई-पुण्याच्या कार ग्रुप्सच्या गाड्या कर्जत-खोपोलीकडे वळतात. समजा, अशीच एक गाडी पळसदरीजवळ रस्त्यावर साचलेल्या पाण्यात शिरली आणि बंद पडली. आता पुढची दोन मिनिटं महत्त्वाची. पुन्हा स्टार्टर मारायचा की नाही?

उत्तर आहे, मारायचा नाही! इंजिनात पाणी गेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन त्यावर आदळतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्चाचा आकडा एकदम वाढतो. गाडी ढकलून कोरड्या जागी घ्यायची आणि टो करून गॅरेजला न्यायची.

आता गंमत बघा. क्लबमधल्या कुणीतरी हे सगळं तीन वर्षांपूर्वीच छान समजावून लिहिलेलं असतं. पण नेमकं हवं असतं तेव्हा ते सापडत नाही! म्हणून वेबसाईटचं रिडिझाईन करताना नवा लोगो आणि स्लायडर नंतर बघू. आधी बघायचं ते हे : माहिती सापडते का, फोनवर उघडते का आणि आजही बरोबर आहे का?

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे की, मग वेबसाईट कशाला?

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये १०२४ जण बसतात, गप्पांसाठी तो मस्तच. पण तिथे सगळं वेळेच्या क्रमाने वाहून जातं. चांगलं उत्तर 'गुड मॉर्निंग'च्या फुलांखाली गाडलं जातं. आज आलेल्या सभासदाला वर्षभरापूर्वीची चर्चा दिसत नाही आणि गूगललाही ती सापडत नाही.

याउलट २००४ पासून सुरू असलेली टीम-बीएचपी बघा. भारतातल्या गाडीवाल्यांची ही मोठी साईट. तिथे नव्या गाड्यांचे रिव्ह्यू, वर्षानुवर्षं वापरलेल्या गाड्यांचे अनुभव, तांत्रिक प्रश्न आणि प्रवासवर्णनं यांचे वेगवेगळे विभाग आहेत. नवीन लिखाण आधी 'असेंब्ली लाईन' नावाच्या विभागात जातं, मॉडरेटर ते तपासतात आणि मग योग्य जागी हलवतात. कारखान्यातून गाडी बाहेर पडावी तसंच! लिखाण जागेवर ठेवणारी माणसं आहेत, म्हणून जुनं लिखाणही हाताला लागतं.

चला तर मग, आपल्या छोट्या क्लबने काय करायचं ते पाहूया.

१. आधी घर आवरा

जुन्या साईटवरच्या सगळ्या पानांची एका शीटमध्ये यादी करा. प्रत्येकापुढे लिहा : ठेवायचं, दुसऱ्यात मिसळायचं की काढायचं. गूगलचं सर्च कन्सोल हे टूल मोफत आहे. लोक काय शोधत तुमच्या साईटवर येतात ते त्यात दिसतं. ज्या पानावर सगळ्यात जास्त लोक येतात, त्यावर सगळ्यात आधी मेहनत घ्या.

२. विभाग मोजके, नावं साधी

विभाग कमिटीच्या सोयीने नाही, तर वाचणाऱ्याच्या गरजेने पाडा. छोट्या क्लबला पाच पुरेत : गाडी अडली आहे, देखभाल, रस्ते आणि सहली, सुटे भाग, क्लबचे कार्यक्रम. वीस विभाग केले की नवीन माणूस गोंधळतो आणि सगळं 'इतर'मध्ये टाकतो.

शीर्षकाचाही नियम ठेवा. 'मदत हवी, अर्जंट!!!' यातून पुढच्याला काही कळत नाही. 'डिझेल, २०१८ मॉडेल, पाण्यातून गेल्यावर बंद पडली' हे शीर्षक मात्र पुढची दहा वर्षं उपयोगी पडेल. प्रश्न सुटला की त्याचं उत्तर सगळ्यात वर लावून ठेवा. शंभर प्रतिक्रिया चाळायला भर पावसात कुणाकडे वेळ नसतो.

३. एका कांडीवर उघडलं पाहिजे

घाटात रेंज येते-जाते. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असं गूगलचं माप आहे. ऑफिसच्या वायफायवर हे सहज जमतं, खरी परीक्षा घाटात. फोनमधला ४-५ एमबीचा फोटो तसाच चढवू नका. आकार लहान करून वेबपी फॉरमॅटमध्ये टाका. आपोआप चालणारे व्हिडिओ तर नकोच.

अजून एक सवय सोडा. महत्त्वाचे नंबर पोस्टरच्या फोटोत टाकू नका. ते टाईप करा आणि बोट लावलं की कॉल लागेल अशी लिंक द्या. ११२ हा आपत्कालीन नंबर आणि १०८ ही रुग्णवाहिका सगळ्यात वर. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ आहे. मात्र मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे येतो, त्यामुळे त्याची माहिती वेगळी लिहा.

४. जुन्या लिंक तोडू नका

नवी साईट आली की पानांचे पत्ते बदलतात आणि जुन्या लिंकवर 'पान सापडत नाही' असं येतं. त्यासाठी '३०१ रिडायरेक्ट' असतो. टपाल खात्याला नवा पत्ता कळवण्यासारखंच हे आहे. जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्या पानावर पोचतो आणि गूगललाही बदल कळतो.

५. फोटो आणि डोमेन स्वतःच्या ताब्यात

हे वाचून घ्याच. २०१७ मध्ये फोटोबकेट या साईटने तिथले फोटो दुसऱ्या साईटवर दाखवण्यासाठी वर्षाला जवळपास ४०० डॉलर मागितले. जगभरातल्या कार क्लबांच्या 'स्वतः दुरुस्त करा' लेखांमधले फोटो गायब झाले. मजकूर उरला, पण कुठला बोल्ट सोडवायचा ते दाखवणारं चित्रच नाही! ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. फुकटचं घर मालक कधीही रिकामं करायला सांगू शकतो.

म्हणून फोटो स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा आणि दर महिन्याला सगळ्याचा बॅकअप घ्या. डोमेन क्लबच्या ईमेलवर घ्या, एका उत्साही सभासदाच्या खाजगी ईमेलवर नको. तो परदेशी गेला आणि रिन्यू करायचं राहिलं, तर साईटच गेली.

६. प्रत्येक पानावर तारीख

माहितीलाही एक्स्पायरी असते. 'टोलला सुट्टे पैसे ठेवा' हा सल्ला एकेकाळी बरोबर होता. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि तो जुना झाला. सहलींच्या पानांचंही तसंच. पावसाळ्यात अपघात टाळण्यासाठी प्रशासन धबधबे आणि तलावांवर बंदीचे आदेश काढतं. 'गाडी थेट पाण्यापर्यंत जाते' असं जुनं पान वाचून कुणी तिथे पोचला, तर दंड होईलच, जिवावरही बेतू शकतं. पानावर 'शेवटचं तपासलं' ही तारीख टाका आणि जूनच्या आधी एका सभासदाकडे तपासणीची जबाबदारी द्या.

जाता जाता, सहलीचे फोटो टाकताना नंबर प्लेट झाका आणि विचारल्याशिवाय कुणाचा मोबाईल नंबर साईटवर टाकू नका.

साईट तयार झाली की क्लबमधल्या सगळ्यात नव्या सभासदाच्या हातात स्वस्तातला फोन द्या, त्याला कमी रेंजच्या ठिकाणी न्या आणि पाच प्रश्नांची उत्तरं शोधायला सांगा. तो जिथे अडकेल, तिथे दुरुस्ती करा. त्यानंतर हवे तेवढे रंग निवडा!

लेख उपयोगी वाटला तर तुमच्या कार ग्रुपच्या अ‍ॅडमिनला नक्की पाठवा.