सातबाऱ्यावरचे नाव : राजूर परिसरातील जमीनधोरणाची पन्नास वर्षे

अकोले तालुक्यातील राजूर आणि त्याभोवतीचा डोंगरपट्टा हा प्रामुख्याने महादेव कोळी व ठाकर या अनुसूचित जमातींचा मुलूख असून, जमातीवरून, स्त्री म्हणून आणि गरिबीमुळे होणारे अन्याय येथे जमिनीच्या मालकीपाशी एकत्र येतात. सावकारशाही व इंग्रजी सत्तेविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातील देवगावचे. त्यांना 1848 मध्ये ठाण्यात फाशी झाली आणि त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, 1974 मध्ये, आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ नये अशी तरतूद राज्याने जमीन महसूल संहितेत केली. पाठोपाठ 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात अशा रीतीने गेलेल्या जमिनी मूळ मालकाला परत देणारा कायदाही झाला. जमातीला न्याय देणारे हे मोठे पाऊल होते, परंतु मूळ मालक म्हणून सातबाऱ्यावर, म्हणजे गावच्या हक्कनोंदीच्या उताऱ्यावर, बहुतेक ठिकाणी पुरुषाचेच नाव असल्याने परत आलेली जमीनही त्याच नावावर चढली.

1977 च्या रोजगार हमी कायद्याने स्त्रियांना पुरुषांइतक्याच दराने मजुरी देऊ केली आणि दुष्काळात असंख्य घरांच्या चुली त्यावर पेटल्या. मात्र मजुरीने जमिनीचा हक्क मिळत नव्हता. कोवळा हिरडा झाडावरून पाडणे, वेचणे, वाळवणे आणि बाजारात नेणे या कामात या डोंगरांतल्या बायकांचे कष्ट मोठे, पण ज्या जंगलात तो मिळतो त्यावर त्यांचा कायदेशीर हक्क नव्हता. जमातीसाठी एक धोरण, गरिबांसाठी दुसरे व स्त्रियांसाठी तिसरे, अशी विभागणी झाली की जी व्यक्ती एकाच वेळी तिन्ही आहे ती कोणत्याच धोरणात पूर्णपणे सामावत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या खटल्यांवरून किंबर्ले क्रेनशॉ या कायदेपंडित स्त्रीने 1989 मध्ये हाच मुद्दा मांडला, आणि त्याला आंतरछेदिता, म्हणजे अनेक भेदभाव परस्परांना छेदून निर्माण होणारी वेगळी वंचितता, असे म्हणतात.

ही विभागणी ओलांडण्याचा सर्वांत स्पष्ट प्रयत्न 2006 च्या वनहक्क कायद्यात दिसतो. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाचा हक्क मान्य करताना तो पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा आणि एकल कुटुंबप्रमुख असल्यास त्या व्यक्तीच्या नावे नोंदवावा, असे कलम 4 सांगते. हिरड्यासारख्या गौण वनोपजावरील मालकीहक्कही हाच कायदा देतो. जमात, दारिद्र्य आणि स्त्रीत्व यांची दखल एकाच कागदावर घेणारी ही तरतूद तिच्या तोलामोलाने ओळखली गेली नाही, कारण दाव्यांची चर्चा किती मंजूर झाले आणि किती गुंठे मिळाले यातच अडकली. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईवर पायी गेलेल्या किसान मोर्चाची एक प्रमुख मागणी वनहक्कांच्या अंमलबजावणीचीच होती आणि त्यात आदिवासी स्त्रिया मोठ्या संख्येने चालल्या.

वारशाच्या बाबतीत मात्र धोरण अजून मागेच आहे. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज अनुसूचित जमातींना लागू होत नाही, त्यामुळे 2005 च्या दुरुस्तीने मुलींना दिलेला समान वाटा आदिवासी मुलींपर्यंत पोहोचलेला नाही. जुलै 2025 मध्ये छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात, स्त्रीला वगळणारी प्रथा सिद्ध झालेली नसताना तिला वाटा नाकारणे हा समानतेच्या हक्काचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. तथापि महादेव कोळी किंवा ठाकर मुलीला तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी जाताना हातात धरता येईल असा लिखित नियम त्यातून तयार होत नाही, आणि तो करण्याचे काम संसदेकडे व केंद्र सरकारकडेच राहते.