तिकिटावरची ‘सर्व्हिस फी’: चिडचिडीतून संशोधनप्रश्न कसा निघतो

‘विषय सुचत नाही’ हे वाक्य सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी असतं. आणि तीच मंडळी कॅन्टीनमध्ये चहा गार होईपर्यंत तावातावाने बोलत असतात: ऑनलाइन तिकीट काढताना पहिल्या पानावरची किंमत शेवटच्या पानावर वाढलेली का असते, ‘कन्व्हिनियन्स फी’ म्हणजे नक्की कोणाची सोय, घरच्या प्रिंटरवर छापलेल्या तिकिटाला ‘हँडलिंग’चे पैसे कशाचे. विषय तिथेच असतो. फक्त चिडचिड आणि संशोधनप्रश्न यांच्यामध्ये बरंच अंतर असतं. ते अंतर कसं कापायचं हे दाखवणारा एक फार चांगला पेपर आहे, आज तो तुमच्यासोबत वाचायचाय. माझा विषय संख्याशास्त्र, अर्थशास्त्र नव्हे. त्यामुळे मी तो प्रयोगाच्या आखणीच्या बाजूने वाचणार आहे.

आधी चिडचिड किती खरी आहे ते बघू. मार्च २०२३. ‘द क्युअर’ या ब्रिटिश बँडने अमेरिकेतल्या दौऱ्याची काही तिकिटं मुद्दाम २० डॉलरला ठेवली होती. तिकीटमास्टरवर एका चाहत्याने अशी चार तिकिटं घेतली, म्हणजे ८० डॉलर. त्यावर प्रत्येक तिकिटामागे ११.६५ डॉलर सर्व्हिस फी, १० डॉलर सभागृहाचा आकार, आणि पूर्ण ऑर्डरवर ५.५० डॉलर प्रोसेसिंग. बेरीज करून बघा: ९२.१० डॉलर. तिकिटापेक्षा फी जास्त! बिलाचा फोटो सगळीकडे फिरला, गायक रॉबर्ट स्मिथने जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि शेवटी कंपनीने स्वस्त तिकिटांमागे १० आणि बाकीच्यांमागे ५ डॉलर परत केले.

हे टोकाचं उदाहरण झालं. सरासरी काय? अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१८ मध्ये अहवाल दिला. त्यांनी तपासलेल्या कार्यक्रमांत मूळ विक्रीत फी तिकिटाच्या सरासरी २७ टक्के होती, आणि पुनर्विक्रीत ३१ टक्के.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा प्रश्न तिच्यावर उभा आहे. फी म्हणजे वेबसाइट चालवायचा खर्च, असं आपण धरून चालतो. तसं पूर्णपणे नसतं. तिकिटाच्या छापील किमतीचा मोठा वाटा कलाकार आणि आयोजक यांच्यात जातो, आणि त्यात नामांकित कलाकाराचा हिस्सा बराच मोठा असतो. सभागृहाला आणि तिकीट कंपनीला कमावायला जागा उरते ती छापील किमतीच्या बाहेर, म्हणजे फीमध्ये. तिकीट कंपनी सभागृहाशी एकमेव विक्रेता म्हणून करार करते आणि त्या बदल्यात फीतला हिस्सा सभागृहाला देते. म्हणजे शिव्या तिकीट कंपनीला पडतात आणि पैसे अनेकांमध्ये वाटले जातात. शिव्या खाणं हाही तिच्या सेवेचाच एक भाग आहे, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

मग संशोधनप्रश्न कोणता? ‘फी जास्त आहे का?’ हा प्रश्न कॅन्टीनमध्ये ठीक आहे, पण तो मोजता येत नाही. ‘जास्त’ कशाच्या तुलनेत? आता असा विचार करा. एका तिकिटाची किंमत १०० आणि फी १५. दुसऱ्याची थेट ११५. खिशातून जाणारे पैसे तेवढेच. शाळेतलं अर्थशास्त्र म्हणतं, ग्राहकाने दोन्हीकडे सारखंच वागायला हवं. तसा तो वागतो का? हा प्रश्न मोजता येतो, कारण यात बदलतं ते फक्त एक: किंमत कुठे आणि केव्हा दिसते. बाकी सगळं स्थिर ठेवता येतं.

या प्रश्नाला आधीचा वंश आहे. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना तो दाखवावा लागतो, म्हणून दोनच कामं सांगते. हुसेन आणि मॉर्गन यांनी ईबेवर सीडी आणि व्हिडिओ गेमचे लिलाव स्वतः मांडले आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. सुरुवातीची बोली कमी आणि टपालखर्च जास्त ठेवला, की एकूण किमान रक्कम तीच असूनही बरेचदा जास्त लोक बोली लावत आणि शेवटी जास्त पैसे देत. दुसरं काम चेट्टी, लूनी आणि क्रॉफ्ट यांचं, २००९ चं. अमेरिकेत दुकानातल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, तो काउंटरवर लागतो. यांनी कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात तीन आठवडे काही वस्तूंवर करासहित किंमत दाखवणारी चिठ्ठी लावली. कर होता ७.३७५ टक्के. त्या वस्तूंची विक्री सुमारे ८ टक्क्यांनी घटली. कर किती आहे ते विचारलं तर बहुतेक ग्राहकांना नीट माहीत होतं. माहिती डोक्यात असणं आणि ती निर्णयाच्या क्षणी डोळ्यांसमोर असणं, या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

आता मूळ पेपर. लेखक ब्लेक, मोशारी, स्वीनी आणि तदेलिस. ‘मार्केटिंग सायन्स’ नियतकालिकात २०२१ मध्ये छापलेला. ठिकाण स्टबहब, म्हणजे कार्यक्रमांची तिकिटं पुन्हा विकण्याची वेबसाइट, त्या वेळी ईबेच्या मालकीची. या कंपनीने २०१४ च्या सुरुवातीला एक धाडस केलं होतं: फी धरून पूर्ण किंमत पहिल्या पानावरच दाखवायची. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांनी सुमारे दहा दिवसांचा प्रयोग केला. अमेरिकेतले अर्धे ग्राहक रँडम पद्धतीने निवडून त्यांना जुनी पद्धत दाखवली: आधी मूळ किंमत, आणि फी शेवटच्या पैसे भरण्याच्या पानावर. उरलेल्या अर्ध्यांना पूर्ण किंमत पहिल्यापासून. फी दोघांना तीच, साधारण १५ टक्के आणि वर पाठवणीचा खर्च. लाखो लोक या प्रयोगात होते आणि आपण प्रयोगात आहोत हे त्यांना माहीत नव्हतं.

निकाल: ज्यांना फी शेवटी दिसली, त्यांची खरेदी पूर्ण करण्याची शक्यता १४.१ टक्क्यांनी जास्त होती आणि त्यांनी एकूण सुमारे २१ टक्के जास्त पैसे खर्च केले.

हे दोन आकडे वाचून पुढे जाऊ नका. पेन घ्या. खरेदीदार १४.१ टक्के वाढले आणि खर्च २१ टक्के, म्हणजे १.२१ भागिले १.१४१, उत्तर साधारण १.०६. याचा अर्थ ज्यांनी खरेदी केली, त्यांनी दरडोईही सुमारे ६ टक्के जास्त खर्च केला. का? कारण फी लपलेली असली की वरच्या दर्जाचं तिकीटही आवाक्यातलं वाटतं. पुढची रांग बघितली, मन तिच्यावर बसलं, आणि १५ टक्के नंतर आले. मोठ्या रकमेवरचे १५ टक्के अर्थातच मोठे. पेपरच्या लेखकांच्या हिशोबाने, फी आधी दाखवल्यावर उत्पन्नात जी घट होते, तिच्यातला किमान २८ टक्के भाग असा ‘दर्जा’मुळे आहे, फक्त ‘संख्ये’मुळे नाही. आणि विक्रेतेही हुशार असतात. फी लपवली जाते तेव्हा ते जास्त चांगल्या जागांची तिकिटं विकायला आणतात, हेही त्यांना आढळलं.

टक्क्यांबद्दल आणखी एक. लपवल्यावर २१ टक्के वाढ, म्हणजे दाखवल्यावर २१ टक्के घट का? नाही. १ भागिले १.२१ म्हणजे ०.८२६, घट होते साधारण १७ टक्के. पाया बदलला की आकडा बदलतो. हे क्षुल्लक वाटेल, पण बातम्यांत हे दोन आकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतील, आणि व्हायवामध्ये परीक्षक नेमका इथेच बोट ठेवतो.

आता खरी मजा. हा प्रयोग रँडम आहे, सॅम्पल प्रचंड आहे, मग शंका घ्यायला जागा कुठे?

पहिली शंका लहान आहे. ऑनलाइन प्रयोगात ‘माणूस’ कोण? ऑफिसच्या कंप्युटरवर एक पान बघितलं आणि घरी मोबाइलवर दुसरं, तर तो दोन्ही गटांत जातो. अशी सरमिसळ झाली की गटांतला फरक सहसा कमीच दिसतो, त्यामुळे निष्कर्षाला तिने मोठा धक्का बसत नाही.

दुसरी शंका मला जास्त महत्त्वाची वाटते. दोन्ही गट एकाच साठ्यातून तिकिटं घेत होते. एखाद्या मैफलीची पाचव्या रांगेतली दोन तिकिटं फी न दिसलेल्या माणसाने उचलली, तर दुसऱ्या गटातल्याला ती दिसणारच नाहीत. एकाला दिलेल्या वागणुकीचा परिणाम दुसऱ्यावर होऊ नये, हे गृहीतक रँडम प्रयोगाच्या मुळाशी असतं. खतांच्या प्रयोगात शेजारच्या वाफ्यात पाणी झिरपू नये म्हणून मध्ये मोकळी पट्टी सोडतात, तसंच. बाजारात ती पट्टी सोडणं फार अवघड असतं.

आणि यातूनच तिसरी, सगळ्यांत मोठी गोष्ट येते. समजा उद्या सगळ्याच कंपन्यांनी पूर्ण किंमत आधी दाखवली. तर लोक तिकिटांवर १७ टक्के कमी खर्च करतील का? या प्रयोगावरून तसं म्हणता येत नाही! सभागृहात खुर्च्या ठरलेल्या असतात. मागणी घटली तर खुर्च्या रिकाम्या ठेवण्यापेक्षा पुनर्विक्रेते किंमत उतरवतील, आणि उतरलेल्या किमतीला काही लोक परत येतील. प्रयोगातल्या दहा दिवसांत दोन्ही गटांसमोर किमती त्याच होत्या. कायमच्या बदलात किमती स्वतःच हलतील. एका दुकानातला परिणाम आणि पूर्ण बाजारातला परिणाम यांत फरक करता न येणं, हा मी वाचलेल्या अनेक प्रपोजलमधला नेहमीचा खड्डा आहे.

प्रयोगानंतर कंपनीने काय केलं असेल? फी परत शेवटच्या पानावर नेली. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण स्पर्धक १०० दाखवत असताना तुम्ही ११५ दाखवलेत, तर प्रामाणिकपणाचा दंड तुम्हालाच बसतो. एकट्याने सुधारणं परवडत नाही, म्हणून सगळ्यांना एकदम लागू होणारा नियम लागतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा असा नियम १२ मे २०२५ पासून लागू झाला. कार्यक्रमांची तिकिटं आणि अल्पमुदतीचा निवास यांची सक्तीच्या फीसह एकूण किंमत आधीच दाखवायची. फी किती घ्यावी यावर मात्र त्यात मर्यादा नाही. न्यू यॉर्क राज्याने तिकिटांसाठी असा कायदा २०२२ मध्येच केला होता, कॅलिफोर्नियाचा १ जुलै २०२४ पासून आला. वेगवेगळी राज्यं, वेगवेगळ्या तारखा. ज्यांनी ‘डिफरन्स इन डिफरन्सेस’ शिकलंय, त्यांचे डोळे इथे चमकायला हवेत. बाजारपातळीवरचा जो परिणाम एका कंपनीच्या प्रयोगातून मिळत नाही, तो इथून काढायचा प्रयत्न करता येतो.

आपल्याकडे? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न्स’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यातल्या १३ प्रकारांत ‘ड्रिप प्रायसिंग’ आहे: किंमत थेंबाथेंबाने उघड करणं. ठिबक सिंचन आपल्याला चांगलं माहीत आहे, हे ठिबक शोषण म्हणा. महाराष्ट्रात तर त्याच्या कितीतरी आधी, २०१३ आणि २०१४ मध्ये, राज्य सरकारने ऑनलाइन सिनेमा तिकिटांवर सेवाशुल्क घ्यायला मनाई करणारे आदेश काढले होते. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. व्यवसाय करण्याच्या घटनादत्त हक्कावर कायद्याच्या आधाराशिवाय असं बंधन घालता येणार नाही, असा त्याचा गाभा.

‘वा, बंदी आधी आणि बंदीनंतर, तुलना करू!’ असं कोणाच्या मनात आलं असेल तर थांबा. त्या आदेशांना न्यायालयाने २०१४ मध्येच अंतरिम स्थगिती दिली होती. राजपत्रातली तारीख आणि तिकीट काढणाऱ्याच्या बिलावरची तारीख एकच असते असं धरून सुरुवात केलीत, तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाईल. आधी बिलं बघा, मग आदेश.

करता येण्यासारखं एक काम मात्र मला खुणावतं. मराठी नाटकाचं तिकीट अजूनही दोन ठिकाणी मिळतं: नाट्यगृहाच्या खिडकीवर, फीशिवाय, आणि ऑनलाइन, फीसह. तेच नाटक, तोच प्रयोग, तीच रांग. कागदावर तुलना अगदी तयार दिसते. पण खिडकीवर कोण जातं? जवळ राहणारे, निवृत्त, सकाळी वेळ असलेले, प्लॅनवर बोट ठेवून खुर्ची निवडायची सवय असलेले. ऑनलाइन कोण घेतं? ते वेगळेच. त्यामुळे दोन्हीकडच्या खर्चातला फरक फीचा की माणसांचा, हे नुसत्या बेरजांवरून कळणार नाही. फी कधी दिसते हे रँडम बदलू देणारा एखादा नाट्यनिर्माता मिळाला तर गोष्ट वेगळी. नाही मिळाला, तर तुम्ही हा गुंता कसा सोडवाल? डिझाइन अर्ध्या पानात लिहा आणि मला पाठवा, पुढच्या लेखात त्यातली दोन-तीन घेऊन बोलू.