भाकरी, साबुदाणा आणि वजन : गैरसमज व वस्तुस्थिती

वजन उतरवायचे तर कर्बोदके, म्हणजे धान्यातील पिष्ट आणि साखर, बंद केली पाहिजेत आणि ती बंद केल्यावर सुटणारी खा-खा मनोनिग्रहाने जिंकली पाहिजे, अशी दुहेरी समजूत महानगरांप्रमाणेच परभणी जिल्ह्यातही आता पक्की झालेली दिसते. गोदावरी, दुधना आणि पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत जिथे पिढ्यान्‌पिढ्या रब्बी ज्वारी पिकली, आणि जिथल्या १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने (आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) ‘परभणी मोती’ आणि ‘परभणी शक्ती’ यांसारखे ज्वारीचे वाण दिले, तिथे भाकरीवरच वजनवाढीचा आळ यावा, हे विचित्रच म्हटले पाहिजे.

तथापि भाकरीची बाजू घेणारेही पुष्कळदा तितकेच चुकतात. ज्वारीने वजन वाढत नाही, म्हणून भाकरी कितीही खावी, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३४ उष्मांक (कॅलरी) असतात, गव्हाच्या पिठात सुमारे ३२० आणि पांढऱ्या तांदळात सुमारे ३५६. ज्वारीत पचणारी कर्बोदके जवळपास ६८ टक्के आहेत. फरक आहे तो चोथ्याचा, म्हणजे आतड्यात न पचणाऱ्या तंतुमय भागाचा: ज्वारीत तो १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम, तर पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमहूनही कमी असतो, मात्र गव्हाच्या न चाळलेल्या पिठात तो ज्वारीहून थोडा अधिकच भरतो. त्यामुळे पोळी सोडून भाकरी धरल्याने वजन आपोआप उतरेल, ही आशा फोल ठरते. ‘परभणी शक्ती’ या वाणात लोह आणि जस्त अधिक आहे, हा त्याचा मोठा गुण होय. पण तो रक्तक्षयाच्या प्रश्नाशी संबंधित आहे, कमरेच्या घेराशी नव्हे.

कर्बोदके बंद केल्यावर पहिल्याच आठवड्यात काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो, आणि तेवढी चरबी गेली, असे मानले जाते. हा गैरसमज फार नुकसान करणारा आहे, कारण पुढची सारी निराशा त्यातूनच जन्मते. यकृत आणि स्नायू यांच्यात ग्लुकोजचा एक साठा ग्लायकोजेनच्या रूपाने असतो, प्रौढ माणसात तो साधारण अर्धा किलो भरतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. धान्य बंद होताच हा साठा खर्ची पडतो व त्याचे पाणी लघवीवाटे निघून जाते. दोन दिवस पूर्ववत जेवण झाले की ते परत येते, आणि काट्यावरचा तो आकडा पाहून ‘भाकरी अंगी लागली’ असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक चरबी ना गेलेली असते, ना आलेली.

खा-खा सुटणे म्हणजे जिभेचे चोचले, हा समज तर घराघरांतला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून केलेल्या प्रयोगात हे तरुण दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके चाळू लागले. त्यांच्या मनोबलाविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते, कारण ते स्वेच्छेने आणि युद्धपीडितांच्या उपयोगी पडावे म्हणून त्यात उतरले होते. झोपेचाही यात मोठा वाटा आहे. शिकागोत १२ तरुणांवर केलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात दोन रात्री चारच तास झोप मिळाल्यावर भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढले, तृप्तीची सूचना देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, आणि ओढ विशेषतः गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची वाढली. रब्बीत रात्रीच्या विजेवर पिकांना पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी गोडाची तल्लफ येत असेल, तर त्याला हावरट ठरवण्याआधी त्याची झोप विचारात घेणे न्याय्य होईल.

शिवाय ही ओढ निव्वळ कर्बोदकांची क्वचितच असते. कोरड्या भाकरीची किंवा उकडलेल्या रताळ्याची अनावर तल्लफ आल्याचे सहसा ऐकिवात नाही. मन धावते ते खारी, शेव, भजी, पेढा आणि जिलेबी यांच्याकडे, म्हणजे पिष्ट किंवा साखर जिथे तेला-तुपाशी एकत्र आली आहे तिकडे. कर्बोदके आणि स्निग्ध पदार्थ यांचा हा संयोग मेंदूतील सुखकेंद्रांना त्या दोहोंपैकी एकट्या कशाहूनही अधिक भुलवतो, असे २०१८ सालच्या एका मेंदूविषयक अभ्यासात दिसून आले. याउलट वजन कमी करणाऱ्यांनी वाळीत टाकलेला बटाटा, सिडनी विद्यापीठातील सुझाना होल्ट यांनी १९९५ साली ३८ पदार्थांची तृप्ती मोजली तेव्हा, उकडलेल्या स्वरूपात पहिला आला होता.

उपवासाने वजन उतरते, हा समज महाराष्ट्रात फार जुना, आणि ‘एकादशी दुप्पट खाशी’ हे त्यावरचे लोकांचे उत्तरही तितकेच जुने. साबुदाणा हा कसाव्याच्या कंदातून काढलेल्या पिष्टाचा दाणा आहे. त्यात प्रथिने नावापुरती आणि चोथा जवळपास नाहीच. ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम शेंगदाण्याचे कूट आणि दोन चमचे तेल एवढ्या सामग्रीची खिचडी सुमारे ४८० उष्मांकांची होते, आणि तिच्यातील सहा-सात ग्रॅम प्रथिने बहुतेक सारी शेंगदाण्यांची असतात. प्रत्येकी ६० ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकरी सुमारे ४०० उष्मांकांच्या भरतात, त्यांत १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि तितकाच चोथा असतो, आणि सोबत वाटीभर वरण घेतले तरी गोळाबेरीज फारशी पुढे जात नाही. उपवास श्रद्धेने करावा. वजनासाठी करायचा असेल तर खिचडीचा हिशेब आधी मांडावा.

गुळाचा चहा साखरेच्या चहाहून निर्धोक, ही समजूतही टिकणारी नाही. चहाच्या कपात घातलेला ५ ग्रॅमचा चमचा गुळाचा असो वा साखरेचा, तो सुमारे २० उष्मांकांचा असतो. दिवसाला पाच कप आणि प्रत्येकी दोन चमचे म्हटले की सुमारे २०० उष्मांक, म्हणजे एका भाकरीइतके, पोट न भरताच आत जातात. मराठवाड्यात लोकप्रिय झालेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत आणि थोडे थोडे अनेकदा खाण्याचा सल्ला देणारी पद्धत यांच्यात वाद पुष्कळ असले, तरी गोड चहाच्या बाजूने कोणीच उभे नाही.

मग कर्बोदके किती असावीत? स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ प्रौढांवर वर्षभर केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी कर्बोदकांचा आणि कमी स्निग्धांचा गट यांच्या वजनघटीत लक्षणीय फरक पडला नाही. टिकेल तो आहार बरा, इतकाच त्याचा सरळ अर्थ. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंत ठेवण्यास सांगितले आहे, तर भारतीयांच्या प्रत्यक्ष आहारात हा वाटा पुष्कळ मोठा असतो. परभणीच्या ताटाला याचा अर्थ असा की, तिसरी भाकरी कमी करून वरण, मटकीची उसळ, पिठले किंवा दही यांचा वाटा वाढवावा आणि भाजी व वरण आधी खायला घ्यावे. प्रथिनांनी भूक लांबते, आणि धान्य शेवटी खाल्ल्यास मधुमेहींच्या रक्तातील साखरेची उसळी कमी राहते, असे लहान चाचण्यांत आढळले आहे.

प्रत्येक तल्लफ मनोनिग्रहानेच जिंकायची, हा गैरसमज मात्र जिवावर बेतू शकतो. निरोगी माणसात यकृत रक्तातील साखर सांभाळून घेते, त्यामुळे त्याला आलेली गोडाची तल्लफ म्हणजे साखर उतरल्याची खूण सहसा नसते. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्या मधुमेहीने जेवण कमी केल्यावर हात थरथरणे, दरदरून घाम फुटणे आणि अचानक कडकडून भूक लागणे हे रक्तातील साखर दर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी संयम दाखवू नये. शुद्धीत असताना ताबडतोब १५ ते २० ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चमचे, पाण्यात विरघळवून घ्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, आणि भाकरी-भात कमी करण्यापूर्वीच औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.