आकड्यांचा फलक आणि नियमांची फाइल

तिरुवल्लिकेणी या नावातच पाणी आहे. तमिळमध्ये ‘अल्लि’ म्हणजे कुमुद, ‘केणि’ म्हणजे लहान जलाशय किंवा विहीर आणि ‘तिरु’ हे पावित्र्यवाचक उपपद होय. इंग्रजी अमदानीत ज्याचे ट्रिप्लिकेन झाले, त्या चेन्नईतील या जुन्या वस्तीला लागूनच चेपॉक आहे. तमिळनाडूच्या जलसंपदा विभागाचे मुख्यालय तेथे असून एळिलगम या इमारतीत राज्याचे आपत्कालीन कार्य केंद्र आहे. ज्या पाण्याविषयी येथे विचार व्हायचा ते पाणी मात्र शहराबाहेर आहे. पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम या चार जलाशयांची एकत्रित क्षमता ११,२५७ दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे सव्वाअकरा टीएमसी आहे. एकट्या कोयनेची साठवण क्षमता १०५ टीएमसी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे चेन्नईच्या हाती किती अल्प राखीव साठा असतो याची कल्पना येते.

या अल्प साठ्याने चार वर्षांच्या अंतराने दोन्ही टोके दाखविली. १ डिसेंबर २०१५ रोजी चेंबरंबाक्कम परिसरात ४७ सेंटिमीटर पाऊस झाला, जलाशयातून अड्यार नदीत मोठा विसर्ग करावा लागला आणि शहराचा मोठा भाग जलमय झाला. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०१८ मध्ये राज्य विधानसभेत मांडण्यात आलेल्या अहवालाने या पुराला मानवनिर्मित आपत्ती ठरविले व विसर्गाच्या व्यवस्थापनावर ठपका ठेवला. पुढे जून २०१९ मध्ये याच चार जलाशयांत क्षमतेच्या एक टक्क्याहूनही कमी पाणी उरले. जुलैमध्ये जोलारपेट्टै येथून रेल्वेने २५ लाख लिटर पाणी आणण्याची वेळ आली. मिरजेहून लातूरला २०१६ मध्ये धावलेली पाण्याची रेल्वे महाराष्ट्राच्या स्मरणात आहेच.

डॅशबोर्ड म्हणजे काय?

अशा व्यवस्थेवर लक्ष ठेवण्यासाठी जो संगणकीय फलक वापरला जातो त्यास डॅशबोर्ड म्हणतात. जलाशयाची पातळी, आवक, विसर्ग, पर्जन्यमान हे आकडे त्यावर आलेखांच्या रूपाने दिसतात. फलकाच्या मागे एक सर्व्हर असतो. तो ठरावीक वेळाने संवेदकांकडून नोंदी गोळा करतो, साठवितो, त्यांवर नियम लावतो आणि मर्यादा ओलांडली गेल्यास इशारा देतो. या कामासाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. नोंदी गोळा करणाऱ्या ‘प्रोमिथियस’ या प्रणालीचा आरंभ २०१२ मध्ये, तर आलेख दाखविणाऱ्या ‘ग्राफाना’चा २०१४ मध्ये झाला. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले असल्याने शासकीय कार्यालयांनाही हा मार्ग खुला आहे. परवाना शुल्क नसले, तरी देखभालीसाठी माणूस लागतोच, ही बाब अंदाजपत्रकात बहुधा विसरली जाते.

हा सर्व्हर दोन प्रकारे उभारता येतो. पडद्यावर एकेक कळ दाबून आलेख व इशारे तयार करावेत, हा पहिला प्रकार. तो सोपा आहे; परंतु कोणी, केव्हा व का बदल केला याचा माग त्यात सहसा राहत नाही आणि अधिकाऱ्याची बदली झाली की त्याचे ज्ञानही त्याच्यासोबत जाते. दुसऱ्या प्रकारात सारी मांडणी साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये लिहिली जाते व सर्व्हर सुरू होताना ती वाचून स्वतःची रचना करतो. यांना कॉन्फिगरेशन फाइली म्हणतात. ग्राफानामध्ये ही सोय २०१८ च्या पाचव्या आवृत्तीपासून आली. जुना यंत्रसंच बंद पडला तरी त्याच फाइलींवरून नवा सर्व्हर पूर्वीच्याच रचनेत उभा राहू शकतो.

फाइलीत काय लिहितात?

पहिल्या फाइलीत नोंदी कोठून व किती वेळाने घ्यावयाच्या हे असते. प्रोमिथियस स्वतःहून एक मिनिटाचे अंतर धरतो. दुसऱ्या फाइलीत इशाऱ्यांचे नियम, तिसरीत ग्राफानाने कोणता विदास्रोत वापरावा आणि चौथीत आलेखांची मांडणी. या फाइली बहुधा यॅमल नावाच्या लेखनपद्धतीत असतात. तीत ओळीच्या आरंभी सोडलेल्या रिकाम्या जागेला अर्थ असतो व त्या जागेसाठी टॅब कळ चालत नाही. एक जागा चुकली तरी नियमाचा अर्थ बदलू शकतो किंवा फाइलच नाकारली जाते. म्हणून फाइल लागू करण्यापूर्वी तपासण्याचे साधन प्रणालीसोबतच दिलेले असते. संकेतशब्द मात्र या फाइलींत कधीही लिहू नयेत; ते वेगळे, संरक्षित ठिकाणी ठेवावे लागतात.

निष्काळजीपणे स्वीकारलेली मूळ मूल्ये कशी घातक ठरतात, याची दोन उदाहरणे येथे पुरेशी आहेत. प्रोमिथियस वेगळी सूचना नसल्यास नोंदी केवळ १५ दिवस जपतो. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो; तेव्हा डिसेंबरात ऑक्टोबरची पातळी पाहावयाची म्हटले तर ती नाहीशी झालेली असेल. जपणुकीचा कालावधी वाढवावा लागतो, आणि अनेक वर्षांच्या नोंदींसाठी तर स्वतंत्र विदागारच हवे. दुसरे उदाहरण वेळेचे. ही प्रणाली जागतिक समन्वित वेळ पाळते, तर भारतीय हवामान खात्याचा पर्जन्यदिन सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशीचे साडेआठ असा असतो. जागतिक वेळेनुसार तो पहाटे तीनला सुरू होतो. नियम लिहिताना हा फरक विसरल्यास एकाच वादळाचा पाऊस दोन दिवसांत विभागला जातो आणि अतिवृष्टी मध्यम वाटू लागते.

इशारा पातळी कोणी ठरवावी?

सर्वांत महत्त्वाची ती इशाऱ्याची ओळ. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट आहे, हे तेथील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. चेंबरंबाक्कमची पूर्ण पातळी २४ फूट आहे. समजा, नियमात असे लिहिले की पातळी २२ फुटांच्या वर सलग ३० मिनिटे राहिल्यास इशारा द्यावा. सलग ही अट लाटेच्या क्षणिक उसळीने इशारा वाजू नये म्हणून. परंतु २२ हा आकडा कोठून आला? तो २१ केला तर पुरासाठी जागा अधिक राहते, पण त्याच पाण्याची मार्च-एप्रिलमध्ये उणीव भासेल. २३ केला तर उन्हाळ्याची तरतूद होते, पण नदीकाठच्या वस्त्यांवरील जोखीम वाढते. म्हणजे वरकरणी तांत्रिक दिसणारी ही ओळ वस्तुतः दोन समूहांमधील जोखमीची वाटणी करते. अर्थशास्त्रीय भाषेत ती संधी-खर्चाची निवड आहे आणि संगणक तंत्रज्ञाने एकट्याने ती करणे उचित नव्हे.

फाइलीचे खरे मोल येथे कळते. फाइली ‘गिट’सारख्या आवृत्ती-नोंद प्रणालीत ठेवल्यास २२ चा आकडा कोणत्या दिवशी, कोणाच्या खात्यावरून, कोणते कारण देऊन बदलला हे दिसते. ग्राफानात फाइलीवरून आलेले इशारे पडद्यावरून परस्पर बदलता येत नाहीत. बदल फाइलीतच करावा लागतो. नोंदवहीत खाडाखोड करावयाची नाही, चुकीच्या आकड्यावर रेघ मारून सही करावयाची, ही लेखापालांची जुनी शिस्तच येथे नव्या रूपात येते. अर्थात नोंद झाली म्हणून निर्णय योग्य ठरत नाही. तो तपासता येतो, इतकेच.

आणखी एक नियम आवर्जून लिहावा लागतो, तो मौनाचा. पुरात वीज जाते, संपर्क तुटतो, संवेदक वाहून जातात. अशा वेळी फलकावरील रेषा खंडते आणि २२ फुटांचा नियम शांत राहतो, कारण तुलना करावयास आकडाच नसतो. प्रोमिथियस पाच मिनिटे नवी नोंद न आल्यास जुनी नोंद ग्राह्य धरत नाही. मात्र ‘नोंद येत नाही’ यासाठी स्वतंत्र इशारा लिहिला नसेल, तर पडद्यासमोर बसलेल्या कर्मचाऱ्यास सारे आलबेल वाटू शकते. तो इशारा वाजला की दूरध्वनी करून, अथवा प्रत्यक्ष धरणावर माणूस धाडून, पट्टीवरील पातळी वाचून घ्यावी लागते. चेपॉकपासून चेंबरंबाक्कम सुमारे २५ किलोमीटर आहे आणि पुराच्या रात्री तो रस्ताही पाण्याखाली असू शकतो; म्हणून पट्टी वाचणारा कर्मचारी धरणावर आधीपासूनच नेमलेला असावा लागतो.