जनावरांच्या जखमेला टाके : कोणते व केव्हा?

गाईने चाऱ्याबरोबर खिळा वा तार गिळल्यास कोटीपोटाची शस्त्रक्रिया करावी लागते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी जनावर हाती लागणे हे जखम कशी बंद केली व पुढे तिची निगा कशी राखली यावर अवलंबून असते. टाके घालणे हे पशुवैद्यकाचेच काम आहे. परंतु त्यामागील कारणे आपणांस माहीत असणे हिताचे आहे.

आतील टाके : कोटीपोट व पोटाचे स्नायू यांचे टाके पुन्हा काढता येत नाहीत, म्हणून तेथे विरघळणारा धागा वापरतात. कॅटगट हा धागा जनावरांच्या आतड्यापासून बनवितात. जखमेत पू झाल्यास तो लवकर विरघळतो व टाके सुटतात. कृत्रिम विरघळणाऱ्या धाग्यांची ताकद अधिक दिवस टिकते. पोटाचा भार पेलण्यास ते अधिक भरवशाचे.

कातडीचे टाके : येथे नायलॉन किंवा रेशमी धागा वापरतात. रेशीम ओलावा शोषते व त्यात जंतूंना थारा मिळतो. एकपदरी नायलॉनमध्ये हा धोका कमी असतो. सुट्या टाक्यांपैकी एखादा तुटला तरी बाकीचे जखम धरून ठेवतात. सलग टाके लवकर होतात, पण धागा तुटल्यास जखम उसवू शकते.

टाके केव्हा घालू नयेत : चिरा देऊन पू काढलेले गळू, जोखडाने सोललेला खांदा किंवा माती-शेणाने भरलेली जुनी जखम शिवण्याचा आग्रह धरू नये. वरून कातडी जुळते, पण आत पू कोंडतो. बंद, खोल जखमेत धनुर्वाताचे जंतूही वाढतात. अशा जखमेतील घाण खालच्या बाजूने निचरून ती आतून भरून येऊ द्यावी. ताजी, स्वच्छ जखम मात्र शक्यतो ६ ते ८ तासांच्या आत शिवून घ्यावी. सड चिरल्यास मुळीच वेळ दवडू नये.

घरची निगा :
१) जनावर कोरड्या, स्वच्छ जागी बांधावे.
२) माश्या बसू देऊ नयेत, जनावरास जखम चाटू देऊ नये.
३) राख, चुना, डिझेल लावू नये.
४) कातडीचे टाके साधारणतः १० ते १४ दिवसांनी पशुवैद्यकाकडून काढून घ्यावेत.
५) प्रतिजैविके चालू असता व नंतर सांगितलेल्या मुदतीपर्यंत दूध विकू नये.

सूज वाढणे, दुर्गंधी, ताप किंवा चारा सोडणे यांपैकी काहीही दिसल्यास टाके काढण्याच्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्यकास बोलवावे.