दोर सुटल्यावर: युद्धातल्या ग्लायडरविषयी काही गैरसमज

ग्लायडर म्हटले की डोळ्यांपुढे येते ते घारीसारखे तासन्‌तास घिरट्या घालणारे हलके यान. दुसऱ्या महायुद्धातली ग्लायडरे त्या जातीची नव्हती. अमेरिकेचे वाको म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर कापड, खाली प्लायवूडचा तळ. पोटात तेरा सैनिक किंवा एखादी जीप. ब्रिटिशांचे हॉर्सा जवळजवळ सगळे लाकडी. डाकोटासारख्या विमानाने दोराने ओढत न्यायचे आणि लक्ष्याजवळ सोडायचे. दोर सुटला की एवढे ओझे तरंगत बसत नाही. वैमानिकाच्या हाती काही मिनिटे उरतात, आणि जागा चुकली तर दुसऱ्या फेरीची सोय नाही.

तरीही ‘खऱ्या विमानावर जमले नाही, म्हणून ग्लायडरवर बसवले’ असा शेरा या वैमानिकांवर मारला जातो. ६ जून १९४४ ला, मध्यरात्र नुकतीच उलटून गेलेली असताना, जिम वॉलवर्क या ब्रिटिश वैमानिकाने होकायंत्र आणि स्टॉपवॉचच्या भरवशावर आपले हॉर्सा नॉर्मंडीतल्या कालव्याच्या पुलापासून पन्नास मीटरच्या आत टेकवले. धडकेने तो आणि त्याचा सोबती कॉकपिटची काच फोडून बाहेर फेकले गेले. पूल मात्र काही मिनिटांत हाती आला. हे दुय्यम कौशल्य म्हणायचे असेल तर माझा नाइलाज आहे.

उतरले की यांचे काम संपले, हेही खरे नाही. ब्रिटिश ग्लायडर वैमानिकांना पायदळाचेही प्रशिक्षण असे. विमान टेकले की ते रायफल उचलून लढाईत उतरत. सप्टेंबर १९४४ मध्ये नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या लढाईत त्यांच्यातले दोनशेहून अधिक जण मारले गेले. पुढच्या मार्चमध्ये जर्मनीतली ऱ्हाईन नदी ओलांडताना ती उणीव हवाई दलाच्या वैमानिकांना ग्लायडरवर बसवून भरून काढावी लागली.

शत्रूच्या तोफांनीच सगळी हानी केली, असेही नाही. जुलै १९४३ मध्ये सिसिलीवरच्या हल्ल्यात कित्येक ग्लायडरे किनाऱ्यापासून फार दूर सोडली गेली. वारा उलटा, वर अंधार. साठच्या वर थेट समुद्रात पडली आणि दोनशेहून अधिक सैनिक बुडाले.

आणि हे सारे युरोपातच घडले, हा समज आपल्याकडे तरी नसावा. ५ मार्च १९४४ च्या रात्री आसामातल्या लालाघाट धावपट्टीवरून ब्रिटिश सेनानी विंगेट याच्या चिंडिट, म्हणजे शत्रूच्या पाठीशी शिरून लढणाऱ्या, सैनिकांना घेऊन ग्लायडरे ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीला निघाली. उतरायच्या जागांना नावे दिली होती ब्रॉडवे, पिकॅडिली आणि चौरंगी! उड्डाणाच्या तोंडावर हवाई छायाचित्र आले: पिकॅडिलीवर सागवानाचे ओंडके आडवे पडलेले. मग सगळा भार ब्रॉडवेवर टाकला. एकेका डाकोटाच्या मागे दोन-दोन ग्लायडरे. डोंगर ओलांडताना दोर पटापट तुटले. साठहून अधिक निघाली, पोहोचली जेमतेम निम्मी. तिथे गवताखाली ओंडके ओढून पडलेले खोल चर लपलेले. पहिली ग्लायडरे त्यांत आपटली, ती बाजूला काढण्याआधीच मागची त्यांच्यावर येऊन आदळली. लालाघाटला बिनतारी संदेश आला ‘सोया लिंक’, म्हणजे घोटाळा. सैनिकांना नकोशा झालेल्या सोयाबीनच्या सॉसेजचे ते नाव. सकाळी ‘पोर्क सॉसेज’ आले, म्हणजे सारे ठीक. ग्लायडरमधूनच आणलेल्या बुलडोझरने दिवसभरात धावपट्टी तयार झाली, रात्री डाकोटा उतरू लागली. आठवडाभरात सुमारे नऊ हजार माणसे शत्रूच्या पाठीशी पोहोचली. आणखी एक गंमत म्हणजे दोर तुटून भलतीकडे पडलेल्या ग्लायडरांमुळे जपान्यांना खरा डाव कुठला, हेच नीट उमगेना.

राहिला एक समज: ग्लायडर एकदा उतरले की भंगारात. बहुतेकांचे तसेच झाले, पण सगळ्यांचे नव्हे. दोन खांबांवर ग्लायडरला बांधलेल्या दोराचा फास ताणून ठेवत. डाकोटा खाली न उतरता आकड्याने तो फास पकडून ग्लायडर उचलून नेई. ब्रह्मदेशात हे झाले, आणि मार्च १९४५ मध्ये जर्मनीतल्या रेमागेनहून जखमी सैनिकांनाही असेच आणले.